एक कुंडल, तीन पत्ते

आज सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

आमच्या वाळवा तालुक्यात शेजारच्या गावात एक आज्जी होत्या. प्रतिसरकारच्या काळात लहान होत्या, भूमिगतांना रानात भाकरी पोचवायच्या. मी त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोललो, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. फाईलचं नाव? ‘न्यू रेकॉर्डिंग 14’. पुढं फोन बिघडला, बॅकअप नव्हता. नंतर आज्जीही गेल्या. म्हणजे आवाज दोनदा गेला.

आता दुसरा आवाज ऐका. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली. त्यातले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, फेब्रुवारी 2022 मध्ये वारले. पण पी. साईनाथ यांनी त्यांच्याशी केलेलं बोलणं ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात आहे. कुणीही, कुठूनही, फुकट बघावं.

फरक कशाचा? मोबाइल तर दोघांकडंही असतो. फरक आहे तो नोंदीचा आणि ठेवण्याच्या जागेचा.

जात्यावरच्या ओव्यांचंच बघा ना. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, विषय लिहिला. म्हणून आज त्यातली एखादी ओवी शोधता येते. नोंद नसती तर तो नुसता ढीग झाला असता.

पण आपापली नोंद ठेवूनही भागत नाही. कुंडलचंच घ्या. 1943 मध्ये ते औंध संस्थानात होतं. संस्थान विलीन झाल्यावर, 1949 पासून दक्षिण सातारा जिल्ह्यात. 1960 पासून सांगली जिल्ह्यात. तिघा अभ्यासकांनी तीन पत्ते लिहिले तर तिघंही बरोबर! कॉम्प्युटरला मात्र ती तीन गावं वाटतात. साताऱ्यात बसून शोधणाऱ्या पोराला सांगलीतलं रेकॉर्डिंग सापडतच नाही, आणि एकाच चळवळीचे दोन तुकडे होतात.

उपाय साधा आहे. जनगणनेत प्रत्येक गावाला कोड असतो. सगळ्यांनी तो कोड लिहायचा, जुनं-नवं नाव त्याला जोडायचं आणि नोंदीची सामायिक यादी ठेवायची. युरोपातल्या देशांनी 2014 मध्ये ‘डारिया’ नावाची एक संस्था उभी केली, ती भाषा, इतिहास, कला यांच्या अभ्यासासाठी असंच सामायिक काम करते. रस्ता जसा गावाचा असतो, एकट्याचा नसतो, तसंच हे.

तर तुम्ही काय करायचं? रेकॉर्डिंग सुरू केलं की पहिल्या मिनिटात पाच गोष्टी बोला: नाव, गाव, तालुका, तारीख आणि परवानगी. “आज्जी, हे दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल का?” नाही म्हणाल्या, तर नाही. मग फाईलला नीट नाव द्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा इतिहास विभागात द्या. नुसती व्हॉट्सॲपवर टाकू नका, तिथं ती वाहून जाते.

या रविवारी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बसा. माझं ‘14’ आता परत येणार नाही. तुमचं अजून हातात आहे.

भेटू पुढच्या भागात.