कचऱ्यापासून डिझेल : हिशेब कुठे जमतो?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



बियांपासून, प्लास्टिकपासून डिझेल बनते का, असे पुष्कळ जण विचारतात. बनते. खरा प्रश्न परवडते का, हा आहे. आपल्या नुंगंबाक्कम स्टेशनावरून १९३१ सालापासून विजेच्या गाड्या धावतात आणि आता देशातले जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्ग विजेवर आले आहेत. तरी ट्रक, जनरेटर, भट्ट्या यांना तेल लागतेच.

पहिले उदाहरण मोगली एरंडाचे, म्हणजे जट्रोफाचे. ३१ डिसेंबर २००२ रोजी अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून यशस्वीपणे चालवली गेली. रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर लागवडही झाली. मग अडले कुठे? सरकारने १ जानेवारी २००६ पासून बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये खरेदी दर लावला. एक लिटर तेलाला साधारण साडेतीन किलो बी लागते. बी ६ रुपये किलो धरले, तरी २१ रुपये बियांतच गेले. उरलेल्या ४ रुपयांत घाणा, मिथेनॉल, मजुरी आणि वाहतूक कशी बसवायची? शिवाय बरड जमिनीत, पाण्यावाचून, या झाडाने अपेक्षेइतके बी दिलेच नाही.

दुसरे उदाहरण प्लास्टिकचे. पॉलिथीन हवा न लागू देता तापवले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि वाफ थंड केली की तेल मिळते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये रोज १ टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल काढणारा प्रकल्प सुरू झाला. यातून एक सोपे कोष्टक निघते : प्लास्टिकवर किलोमागे १ रुपया खर्च झाला, की डिझेल लिटरमागे सव्वा रुपयाने महागते. भंगारवाल्याकडून २० रुपये किलोने माल घेतला, तर भट्टी पेटण्याआधीच लिटरला २५ रुपये लागले.

आमच्या रेल्वेत भुवनेश्वरजवळच्या मंचेश्वर वर्कशॉपमध्ये जानेवारी २०२० मध्ये रोज ५०० किलो कचरा घेणारे संयंत्र बसले. खर्च १.७९ कोटी. वर्षाला ३०० दिवस, अशी दहा वर्षे ते चालेल असे धरले, तरी नुसत्या यंत्राचाच भार किलोमागे सुमारे १२ रुपये पडतो. पण तिथे कचरा रेल्वेचाच आणि निघणारे तेल भट्ट्यांच्या कामाचे. वाहतूक वाचते, कचरा टाकण्याचा खर्चही वाचतो. हा वाचलेला खर्च जमेला धरला, तरच हिशेब जमू लागतो. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या 'रुद्र' संस्थेने दुसरी वाट धरली. लोकांनी घरीच वेगळे आणि स्वच्छ केलेले प्लास्टिक गोळा करून त्यापासून तेल काढायचे. निवडण्याचे काम घरातच होते, म्हणजे तेवढी मजुरी वाचते.

आता आपल्या मंडपाकडे पाहू. आपले फ्लेक्सचे फलक पीव्हीसीचे असतात. ते तापवले की हायड्रोक्लोरिक आम्ल निघते आणि नळ्या खाऊन टाकते. एक फलक चुकून मिसळला, तर अख्खा घाणा बिघडू शकतो. उलट, तळणीच्या मोदकांचे उरलेले तेल मोलाचे आहे. अशा तेलापासून केलेल्या बायोडिझेलला सरकारी तेल कंपन्यांनी २०१९ मध्ये पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये देऊ केले होते. तेच तेल गटारात ओतले, तर तुंबलेली नाली साफ करण्याचा खर्च मात्र आपल्याच माथी येतो.

सारांश, यंत्र विकत मिळते, पण स्वच्छ आणि निवडलेला कच्चा माल फुकट मिळत नाही. तो निवडण्याचे कष्ट कोणीतरी घ्यावेच लागतात. म्हणून मंडळाला माझी नम्र सूचना आहे. यंदापासून मंडपामागे तीन डबे ठेवावेत : एक कोरड्या पिशव्यांचा, एक फ्लेक्सचा आणि झाकण असलेला एक तळणीच्या तेलाचा. पिशव्या आणि तेल अधिकृत संकलकाकडे द्यावे. आपल्या डब्यांनी देशाची तेलआयात कमी होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या कामावर हा सगळा हिशेब अडतो, ते काम आपल्या हातचे आहे.

गणपतीबाप्पा मोरया!