अब्राहामाची कथा आणि तिचे निरनिराळे अर्थ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मंदिराच्या भिंती कोणी उभारल्या, वेदी कोणी बांधली, पूर्वजांनी कोणते कष्ट सोसले, याचे स्मरण करण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. तथापि आपल्या श्रद्धेची वंशावळ शोधू गेल्यास ती आपल्या पणजोबांपाशी थांबत नाही. ती मागे मागे जात, ऊर देशातून परमेश्वराच्या शब्दावर विसंबून निघालेल्या एका वृद्ध प्रवाशापर्यंत पोहोचते. तो म्हणजे अब्राहाम. धर्मशास्त्राचे निरनिराळे अर्थ का होतात, आणि एका मुळापासून निघालेल्या धर्मांनी परस्परांशी कसे वागावे, हा आजचा विषय. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून अब्राहामाच्या एकाच कथेच्या आधारे मी त्याचे विवेचन करणार आहे.

ही कथा मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी रचलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टी प्रांतातील राशोल येथे छापून प्रसिद्ध झाले. त्याचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील पहिला भाग जुन्या कराराचा आहे. प्रभूच्या जन्माची वार्ता सांगण्यापूर्वी इस्राएलाची कथा सांगितलीच पाहिजे, हे त्या साधुपुरुषाने ओळखले होते. मूळ दाखविल्यावाचून फळ दाखविता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

आता ती कथा. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात ती आली आहे. म्हातारपणी झालेला मुलगा इसहाक, त्याला मोरियाच्या प्रदेशातील एका डोंगरावर होमबली म्हणून अर्पण करावे, अशी आज्ञा अब्राहामास होते. तिसऱ्या दिवशी ते ठिकाण दृष्टीस पडते. लाकडे मुलाच्या पाठीवर आणि विस्तव व सुरी बापाच्या हातात, असे दोघे चालू लागतात. अग्नी आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे, असे मुलगा विचारतो; ते देवच पाहून घेईल, असे बाप उत्तर देतो. सुरी उचलली जाते त्या क्षणी देवदूत हाक मारतो, आणि झुडपात शिंगे अडकलेला एक मेंढा मुलाच्या जागी अर्पण होतो.

या एका अध्यायातून तीन धर्मांच्या उपासनेत तीन प्रवाह आले आहेत. यहुदी लोक या कथेला ‘अकेदा’, म्हणजे बांधणे, असे म्हणतात. त्यांच्या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी ती सभास्थानात वाचतात, आणि त्या सणात फुंकले जाणारे मेंढ्याचे शिंग त्यांस त्या झुडपातील मेंढ्याची आठवण करून देते. आपण ख्रिस्ती लोक तीच कथा पुनरुत्थान सणाच्या पूर्वरात्रीच्या जागरणविधीत ऐकतो. मिस्साच्या प्राचीन रोमन प्रार्थनेतही अब्राहामाच्या अर्पणाचा उल्लेख आहे. लाकडे वाहणाऱ्या इसहाकात क्रूस वाहणारा ख्रिस्त आणि काट्यांत अडकलेल्या मेंढ्यात काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू संत ऑगस्टिनला दिसला. मुसलमान बांधव बकरी ईदच्या दिवशी याच प्रसंगाचे स्मरण करतात. त्यांच्या कुराणातील ३७ व्या सूरेत तो आला आहे. मात्र तेथे मुलाचे नाव दिलेले नाही, आणि तो मुलगा आपण होऊन बापाच्या स्वाधीन होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मतभेद केवळ धर्माधर्मांतच आहेत असे नाही; प्रत्येक घराच्या आतही ते आहेत. फ्रान्सातील त्र्वा नगरीचा यहुदी भाष्यकार राशी, जो ११०५ साली वारला, तो मूळ हिब्रू शब्दावर बोट ठेवून म्हणतो की, मुलाला वर ने एवढेच देवाने सांगितले होते. त्याला मार असे सांगितलेच नव्हते. मुसलमानांत ९२३ साली वारलेला थोर भाष्यकार तबरी याने तो मुलगा इसहाकच असे मत दिले. १३७३ साली वारलेल्या इब्न कसीर याने तो इस्माईल असे प्रतिपादिले, आणि आज त्यांच्यात बहुतेकांचे हेच मत आहे.

आणि आपल्या घरात? अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला व तो त्याच्या नीतिमत्त्वाकडे मोजला गेला, या एकाच वचनाचा आधार नव्या करारात दोघे प्रेषित घेतात. रोमकरांस लिहिताना संत पौल त्यावरून श्रद्धेची थोरवी सांगतो. संत याकोब आपल्या पत्रात हाच आधार घेऊन, इसहाकाला वेदीवर ठेवणाऱ्या त्या कृतीने श्रद्धा पूर्ण झाली, असे दाखवितो. ख्रिस्तसभेने ही दोन्ही पत्रे शास्त्रात ठेविली; एकाला ठेवून दुसऱ्याला टाकिले नाही. पुढे सोळाव्या शतकात याच प्रश्नावरून युरोपातील ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे झाले. १५१७ साली मार्टिन लूथरने आरंभिलेल्या वादास १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले, आणि नंतर साडेचारशे वर्षे दोन्ही पक्ष परस्परांकडे पाठ फिरवून बसले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक ख्रिस्तसभेने आणि लूथरपंथीयांच्या जागतिक संघाने या विषयावर एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सर्वच भेद मिटले असे नाही. पण या प्रश्नाच्या मूलभूत सत्यांविषयी आपले एकमत आहे, असे दोघांनी मिळून म्हटले. ज्या वचनाने घर दुभंगले, त्याच वचनापाशी घरातील माणसे पुन्हा बसली.

कोणी म्हणेल, इतके अर्थ निघतात तर ग्रंथावर विश्वास तरी कसा ठेवावा? महाराष्ट्रात राहणाऱ्याला या शंकेने घाबरण्याचे कारण नाही. एका गीतेवर शंकराचार्य, रामानुजाचार्य व मध्वाचार्य यांची तीन परस्परभिन्न भाष्ये आहेत. १२९० साली ज्ञानेश्वरांनी तिचा मराठीत अर्थ सांगितला, आणि १९१५ साली लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याने तो वेगळ्या अंगाने मांडला. यावरून गीता पोकळ आहे असे कोणी शहाणा म्हणत नाही. ज्या विहिरीस पाणी आहे तिच्यावरच चार गावच्या घागरी येतात.

साधुसंतांचेही मतभेद झाले आहेत. संत जेरोम बेथलेहेमात राहून मूळ हिब्रूवरून शास्त्राचे लॅटिन भाषांतर करीत होता. योना संदेष्ट्याच्या डोक्यावर देवाने जी वनस्पती उगवली, तिला जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते. जेरोमने तेथे दुसऱ्याच एका वेलीचे नाव घातले. उत्तर आफ्रिकेतील एका नगरात, ज्याला आज त्रिपोली म्हणतात, बिशपांनी हे नवे भाषांतर वाचताच मंदिरात एकच गलबला झाला. लोकांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या भोपळाच बसला होता. शेवटी बिशपांना गावातील यहुद्यांस विचारावे लागले. संत ऑगस्टिनने हा प्रकार ४०३ साली पत्राने जेरोमला कळविला, आणि दोघा संतांत बराच कडक पत्रव्यवहार झाला. आजचे पुष्कळ पंडित मानतात की, तो वेलही नव्हता व भोपळाही नव्हता, तर आपल्याकडे बांधावर वाढणारा एरंड होता! या गोष्टीत हसण्यासारखे आहे तसे शिकण्यासारखेही आहे. दोन संत भांडले, पण एकमेकांस टाकून गेले नाहीत. आणि शब्द अडला तेव्हा ख्रिस्ती बिशप यहुद्याच्या दारी गेला, कारण मूळ ग्रंथ त्याच्या घरचा होता.

हे मूळ तोडून टाकावे असेही एकाने सुचविले होते. मार्सियन नावाचा एक श्रीमंत मनुष्य दुसऱ्या शतकात रोमला आला. जुन्या कराराचा देव निराळा व येशूचा पिता निराळा, म्हणून यहुद्यांचे सारे ग्रंथ फेकून द्यावेत, असा त्याचा आग्रह होता. १४४ साली रोमच्या ख्रिस्तसभेने त्यालाच बाहेर केले, आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. त्या दिवशी ख्रिस्तसभेने पैसा सोडला, पण अब्राहाम सोडला नाही.

तथापि ग्रंथ राखणे निराळे आणि ज्यांच्याकडून तो मिळाला त्यांस बंधू मानणे निराळे. येथे आपला इतिहास दुःखद आहे, आणि महोत्सवाच्या दिवशीही तो झाकून ठेवू नये. प्रभूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतात पिलातासमोरचा जमाव जे ओरडला, त्याचा अर्थ कित्येकांनी असा केला की, सर्व यहुदी सर्वकाळ शापित आहेत. १०९६ साली क्रूसयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स व माइंझ या नगरांत यहुदी कुटुंबांची कत्तल केली. स्पायर नगराच्या बिशपांनी मात्र आपल्या गावच्या बहुतेक यहुद्यांना वाचविले. ग्रंथ दोघांचाही तोच होता! आपल्या किनाऱ्यावरही, १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या न्यायासनाने गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून माणसांस शासन केले, आणि पुढे हिंदू कुळांतून आलेल्या नवख्रिस्तींनाही जुने आचार राखल्याबद्दल छळले. ते न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले.

योग्य अर्थ ख्रिस्तसभेस अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट शिकविले आहे की, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षा आपणा पापी ख्रिस्ती लोकांकडे अधिक येतो. तरी ते शिक्षण लोकांच्या मनात मुरण्यास फार काळ लागला. नाझींच्या हातून सुमारे साठ लाख यहुद्यांचा संहार झाल्यावर जगाचे डोळे उघडले. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा कठोर शब्द काढून टाकविला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत जाहीर केले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर व आजच्या यहुद्यांवर सरसकट लादता येत नाही. अब्राहामाचे नाव घेणाऱ्या मुसलमानांविषयी त्याच घोषणेत आदर व्यक्त केला आहे, आणि हिंदू व बौद्ध धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण अव्हेरीत नाही, असेही म्हटले आहे.

बंधुभगिनींनो, मूळ एक म्हणजे सर्व धर्म सारखेच, असे मी म्हणत नाही. ख्रिस्त हाच देवाचा पुत्र व जगाचा तारणारा, ही आपली श्रद्धा आहे आणि तीत उणे करण्याचा अधिकार कोणासही नाही. एका आजोबांच्या नातवंडांत वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात. पण आजोबा वेगळे होत नाहीत. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल आपल्याला याची साक्ष देतात. तेलाचे घाणे चालविणारे ते लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. अब्राहामाच्या देवाचे नाव ते आपल्याच मराठीत घेत आले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएल देशी गेले. तरी त्यांची सभास्थाने आणि दफनभूमी कोकणात अजून आहेत.

मग आपण घरी काय करावे? आज दारोदार पुस्तिका घेऊन फिरणारे लोक एखादे सुटे वचन दाखवून आपल्या तरुणांस गोंधळात टाकतात. आणि एखाद्या सुट्या वचनावरून शेजाऱ्याचा द्वेष शिकविणारेही सर्वच धर्मांत आढळतात. दोहोंवर उपाय एकच: शास्त्र पूर्ण वाचणे. वचनाच्या मागचे व पुढचे वाचावे. ते काव्य आहे, दृष्टान्त आहे की इतिहास, हे पाहावे. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या विश्वपत्रातून पंडितांना नेमके हेच करण्यास उत्तेजन दिले होते. मग ख्रिस्तसभेची परंपरा त्याविषयी काय सांगते ते आपल्या धर्मगुरूंस विचारावे. आणि शेवटी संत ऑगस्टिनने घालून दिलेली कसोटी लावावी: शास्त्राच्या ज्या अर्थाने देवावरची व शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्यास शास्त्र अद्याप समजलेलेच नाही. वर्म्सच्या मारेकऱ्यांना ही कसोटी कोणी लाविली असती तर!

अब्राहामाच्या हातातील सुरी देवाने थांबविली. मुलगा इसहाक की इस्माईल याविषयी वाद असेल. पण सुरी थांबली आणि मूल जिवंत घरी आले, याविषयी मात्र तिन्ही घरांत वाद नाही. जे देवाने स्वतः थांबविले, ते देवाचे नाव घेऊन माणसाने पुन्हा उचलू नये, एवढे जरी आपण या महोत्सवात मनात धरिले तरी पुरे आहे. येत्या बकरी ईदला मुसलमान शेजाऱ्याला शुभेच्छा देण्यास जाल, तेव्हा पाहुण्यासारखे जाऊ नका. आपल्याच घरची एक जुनी गोष्ट ठाऊक असलेल्या आप्तासारखे जा.

 अब्राहामाचा, इसहाकाचा व याकोबाचा देव, जो आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचा पिता आहे, तो या धर्मग्रामावर व आपल्या सर्व शेजाऱ्यांवर कृपादृष्टी ठेवो, हीच प्रार्थना.