पन्नास किलोमीटरवरचं विज्ञान
(राधानगरी इथं तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘आयटीतल्या संधी’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे तो साहजिकच होता. पण आयटीबद्दल तुम्हाला यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे शंभर जण भेटतील. म्हणून आयोजकांची परवानगी घेऊन मी शिवाजी विद्यापीठावर बोलणार आहे, तिथे चालणाऱ्या विज्ञान संशोधनावर.

आपल्या घरांत विद्यापीठ म्हणजे काय? निकाल, मार्कशीट, आणि नावात चूक झाली की मारायच्या चकरा. शिक्षणाच्या गप्पा निघाल्या की अलिगढ आणि जामियाचं नाव येतं. दोन्ही मोठी, केंद्रीय विद्यापीठं, आदर आहेच. पण इथून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. तिथे राज्याचं एक विद्यापीठ आहे, १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झालेलं. तिथल्या प्रयोगशाळांत काय चालतं हे आपल्याला माहीत नसतं.

तुम्ही राधानगरीचे, म्हणजे विज्ञानाशी तुमची ओळख आधीच आहे. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे वीज नसताना, पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतात, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. धरणाचं काम सुरू करणाऱ्या शाहू महाराजांनीच १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. आपली पोरं शिकावीत म्हणून इथल्या राजानं शंभर वर्षांपूर्वी केलेली ती सोय होती. पुढचं काम आपलं होतं.

आता विद्यापीठात जाऊ. वरून सुरुवात करतो, अगदी वरून. विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार आहे. ते रेडिओ लहरी वर सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींवरून जमिनीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचा वारा मोजतं. विमान तिथवर जात नाही, फुगाही पोचत नाही आणि उपग्रह त्या उंचीवर टिकत नाही. म्हणून त्या थराची माहिती मिळवायला जमिनीवरून असं कान लावून बसणं फार उपयोगी पडतं. कोल्हापूरच्या आभाळातल्या वाऱ्याचे हे आकडे जगभरातले अभ्यासक वापरतात.

तिथून खाली, भौतिकशास्त्र विभागात. तिथल्या पातळ थरांच्या कामाचं, थिन फिल्मचं, नाव देशाबाहेर आहे. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या पद्धती वापरल्या, त्यातली एक ऐका. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. असं आळीपाळीनं करत गेलं की काचेवर थरावर थर चढतो. साडी रंगवणाऱ्याला हे लगेच कळेल. असे थर सौर घटांत आणि वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये कामाला येतात. श्रीमंत देशांत याच कामासाठी निर्वात पोकळीची महागडी यंत्रं वापरतात. इथे बीकर होते, रसायनं होती आणि चिकाटीची पोरं होती. पैसा कमी होता म्हणून स्वस्त पद्धतीत हात बसला, आणि तीच पद्धत पुढे इतरांना हवीशी झाली, असं माझं मत.

साडीवरून आठवलं, इचलकरंजी. तिथे तुमचे नातेवाईक असतील, मागावर नाहीतर प्रोसेसमध्ये. कापड रंगवून झालं की उरलेलं रंगीत पाणी कुठे जातं, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं या रंगांवर काम केलं. ज्या मातीत रंगाचं पाणी मुरलंय, तिथेच जगणारे जिवाणू त्यांनी वेगळे काढले आणि ते रंग कसा तोडतात हे पाहिलं. काही वनस्पतीही हे करतात, तेही तपासलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पाण्याचा रंग गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही. रंगाचे तुकडे मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. म्हणून प्रक्रिया झालेल्या पाण्यात ज्वारीचं आणि कडधान्याचं बी रुजतं का, मूळ किती वाढतं, हे मोजायचं. ज्या प्रश्नानं आपल्या खालाच्या घरातलं पाणी खराब होतं, त्यावर पीएच.डी. होते. हे आपल्या पोरांना दहावीतच कुणीतरी सांगायला हवं.

आणखी खाली, जमिनीवर. तुमच्या इथला इदरगंजचा सडा घ्या. उन्हाळ्यात काळा कातळ, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, काय काय. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. दुसरीकडे याच तालुक्यात दुर्गमानवाडला बॉक्साइटच्या खाणी आहेत, कारण कातळाखाली बॉक्साइट असतं. सड्यावर काय उगवतं याची पक्की नोंदच नसेल तर त्याला पडीक म्हणणं सोपं जातं. ही नोंद वनस्पतीशास्त्र विभागानं केली. प्रा. श्रीरंग यादव आणि प्रा. मिलिंद सरदेसाई यांचं कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक विद्यापीठानं २००२ मध्ये छापलं. मी जो कोड लिहितो तो चार वर्षांत कुणीतरी पुसून टाकतो. एखाद्या झाडाचं नाव आणि वर्णन नीट छापलं, नमुना वाळवून जपला, की तो पुढची शंभर-दोनशे वर्षं सगळ्यांना पाहावा लागतो. थोडा हेवा वाटतो.

यादव सरांचं आवडतं कुळ कंदीलपुष्पांचं. फुलाचा आकार कंदिलासारखा. माशी आत शिरते, आतले केस खाली वळलेले असतात म्हणून तिला बाहेर येता येत नाही. मग केस सुकतात, माशी सुटते आणि पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. २०२३ मध्ये या कुळातली एक नवी जात विशाळगडावर सापडल्याचं जाहीर झालं. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजातले संशोधक आणि यादव सर त्यात होते. तिचं नाव ठेवलं सेरोपेजिया शिवरायीना, शिवाजी महाराजांवरून. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, त्याच गडाच्या पायथ्याशी गजापुरात आपल्या लोकांची घरं आणि मशीद फोडली गेली. तुम्हाला विशाळगड म्हटलं की तेच आठवतं, मलाही. पण गडावर काय आहे हे सांगणाऱ्यांत आपल्यातलंही कुणी असावं, अशी माझी इच्छा आहे. तो गड आपल्याही जिल्ह्यातला आहे.

मग आपली मुलं तिथे कमी का? एक कारण सरळ आहे, पैसा. बी.एस्सी. झाली की घरी विचारतात, आता कमावणार कधी? मुलीला विचारतात, निकाह कधी? पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक मुलांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली होती. २०२२-२३ पासून केंद्र सरकारनं ती बंद केली. इतर योजनांशी ती सारखीच पडते, असं कारण दिलं. मला ते पटत नाही, कारण ज्याला दुसरी मिळत नव्हती त्याच्यासाठीच ती होती. त्याविरुद्ध बोललं पाहिजे, निवेदनं दिली पाहिजेत. पण तोवर एक दार उघडं आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट. त्यात जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, पुढे ४२ हजार. हे कर्ज नाही, संशोधनाचा पगारच समजा. अब्बांना हा आकडा सांगा, चर्चेचा सूर बदलेल.

दुसरं कारण भाषा. घरात दखनी, रस्त्यावर मराठी, शोधनिबंध इंग्रजीत. अवघड आहे, पण शोधनिबंधातलं इंग्रजी साहित्यातल्यासारखं नसतं. तीच दीड-दोन हजार वाक्यं फिरून फिरून येतात. रोज एक पान वाचलं तर सहा महिन्यांत हात बसतो.

आता कामाचं. नेट वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो. जेआरएफसाठी वयाची मर्यादा साधारण ३० आहे, मुलींना आणि ओबीसींना वयात सवलत. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आजच बघा, आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला वेळेत काढा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, गरजू मुलांनी तिची चौकशी करावी. आणि प्रवेश घ्यायच्या आधी एकदा विभागात जाऊन या. वनस्पतीशास्त्राची बाग बघा, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पोरांशी बोला. सकाळची एसटी पकडली तर संध्याकाळी घरी.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जे आहेत त्यांनी चहा झाल्यावर थांबावं. लॅपटॉप आणलाय, मागच्या नेटचे पेपर त्यात आहेत, एकेक विषय उघडून पाहू.