मागची पाटी



तुमच्यापैकी बरेच जण हे भाषण ओट्यावरच्या छोट्या रेडिओवर ऐकत असाल. त्याचा स्पीकर वाटीएवढा आणि त्याला लागणारी ताकद फार तर अर्धा वॅट. तरी फोडणीच्या चुरचुरीतून माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतंय. होम थिएटरचे शेकड्यांतले वॅट ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिम आठवतात? पुढे चकचकीत स्टिकर : ‘२००० वॅट पीएमपीओ’. दोन हजार वॅट म्हणजे न्हाणीघरातला गिझर झाला! आणि मागून निघालेली वायर मात्र बुटाच्या नाडीएवढी. पीएमपीओ मोजायची ठरलेली रीतच नव्हती, त्यामुळे सुचेल तो आकडा छापून मोकळं व्हायचं. ते स्टिकर गेलं, खोड काही गेली नाही.

आज स्वस्तातला एव्ही रिसीव्हर बघायला गेलात, तर खोक्यावर असतं : सात चॅनेल, प्रत्येकी १०० वॅट. गुणाकार करून माणूस खूश होतो. मी म्हणतो, तो डबा फिरवा आणि मागची पाटी वाचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हा भिंतीतून किती वीज घेतो. साधारण ४५० ते ५०० वॅट. आता पाचशे घेणारा सातशे देणार कुठून? त्यात जुन्या धाटणीचा, म्हणजे एबी वर्गाचा अँप्लिफायर असेल, तर घेतलेल्यातलं निम्म्याच्या आसपास उष्णतेत जातं. पाटीवरचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, क्षणभर डबा त्याहून जास्तही ओढतो, हे खरं. पण आत ट्रान्सफॉर्मर केवढा आहे, याचा अंदाज खोक्यापेक्षा पाटीवरून चांगला येतो.

खोक्यावरचा शंभराचा आकडा अगदी थाप असते असं नाही. बहुतेक वेळा एक किंवा दोनच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, ६ ओहमवर आणि बरीचशी विकृती खपवून घेऊन तो काढलेला असतो. अमेरिकेत वॅट कसे जाहीर करायचे याचा सरकारी नियम १९७४ साली झाला, पण तो स्टिरिओच्या काळातला. सात चॅनेल एकदम बोलू लागले की एकाच ट्रान्सफॉर्मरवर सात तोंडं. एकत्र कुटुंबातलं दूध.

मग वेगळा अँप घ्यावा का? थोडा हिशेब करू. साधारण स्पीकर १ वॅटवर, १ मीटरवरून ८७ डेसिबल देतो. आपल्या हॉलमध्ये तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत त्यातले ८० उरतात. मोठ्याने बोलणाऱ्या माणसापेक्षाही हा आवाज जास्त, आणि तो एका वॅटमध्ये! दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट, १० डेसिबलला दसपट. स्फोटाचा दणका ९५ डेसिबलचा हवा असेल तर ३० वॅट लागतात. चित्रपटगृहाच्या मापाचा १०५ हवा असेल तर तीनशेच्या वर. म्हणून ८० वॅटचा रिसीव्हर सोडून जास्त पैसे मोजून १०० वॅटचा आणला, तर फरक १ डेसिबलचाही नाही. तो कानाला कळत नाही, खिशाला कळतो.

ज्यांचा हॉल लहान आहे, भिंतीपलीकडे शेजारी आहेत, त्यांनी आहे त्या रिसीव्हरवर खुशाल समाधान मानावं. पण स्पीकर ४ ओहमचे असतील, खोली मोठी असेल आणि चढ्या आवाजात रिसीव्हर मध्येच ‘प्रोटेक्शन’ला जाऊन मुका होत असेल, तर वेगळा अँप हवा. तोही सातही चॅनेलसाठी नको. पुढच्या तिघांसाठी घ्या : डावा, उजवा आणि मधला. सिनेमातले संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. मागच्या स्पीकरना रिसीव्हर पुरतो. मात्र रिसीव्हरला ‘प्री-आउट’ची भोकं आहेत का, हे आधी बघा. स्वस्तातल्या बहुतेकांना फक्त सबवूफरचं एक असतं, मग नवा अँप जोडायचा कुठे?

आणखी एक गोष्ट. एचडीएमआयची आवृत्ती बदलली की रिसीव्हर जुना होतो. अँपला त्याचं सोयरसुतक नसतं. तो वीस वर्षं राबतो.

आता वीज कुठून द्यायची, ते सांगतो. माझा तीन चॅनेलचा अँप बावीस किलोचा आहे. पहिल्या दिवशी तो मी टीव्हीमागच्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावला आणि बटण दाबताच घरभर अंधार. मोठा गोल ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी बराच करंट ओढतात. आमचा एमसीबी ‘बी’ प्रकारचा, नेमलेल्या करंटच्या तिप्पट-पाचपटीलाच पडणारा. ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पट सोसतो. वायरमन म्हणाला, ३२ अँपिअरचा टाकून देतो, कटकट नको. त्याला मी हात जोडले. एमसीबी असतो भिंतीतल्या वायरसाठी. वायर पातळ आणि एमसीबी दांडगा, म्हणजे आधी भिंत जळणार, मग तो पडणार. शेवटी वितरण पेटीपासून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट ओढून घेतला, त्याला ‘सी’ प्रकारचा १६चाच एमसीबी.

मग हम सुरू झाला. गाणं नसताना स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं. दुसऱ्या एका जाणकाराने अर्थिंगची पिन काढायचा सल्ला दिला. काढली आणि हम खरोखरच गेला. संध्याकाळी अनवाणी पायाने अँप पुसायला गेलो, तर बोटांना झिणझिण्या. पिन त्याच रात्री परत बसवली. असलं कुणीही करू नये. खरा चोर निघाला केबल टीव्हीची वायर : तिची अर्थिंग गच्चीवरून, अँपची भिंतीतून, आणि दोन वाटांच्या मधल्या फेऱ्यात ही घूं. ती वायर उपसली तेव्हा कळलं. आता तिच्या वाटेत बोटाएवढा आयसोलेटर आहे.

भाच्याने अमेरिकेहून स्वस्तात अँप आणायचं म्हटलं, तर मागची पाटी त्याला आधी वाचून दाखवायला सांगा. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं धूड वेगळं घ्यावं लागेल. त्याने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. साठावर बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नासावर जास्त तापतो, गुरगुरतो.

आमच्याकडे आता रिवाज पडला आहे. आधी रिसीव्हर चालू, मग अँप. बंद करताना उलट. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग आतल्या रिलेचा ‘टक’ असा आवाज येतो. तोवर नातवंडंसुद्धा रिमोटला हात लावत नाहीत.