वकील आपला हवा, आणि विसाराच्या आधी हवा

(प्रभागसंघाच्या सभेत एका ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन किंवा घर घेताना वकील कसा बघायचा, यावर मला बोलायला सांगितलंय. मी काही कायदा शिकलेली नाही. पैसे अडकवून जे शिकले तेवढंच सांगते.

आम्ही एक एकर जमीन घेतली. थोडे पैसे गटाच्या कर्जाचे, थोडे शेळ्या विकून आलेले. विकणारा ओळखीतला. तो म्हणाला, “वहिनी, वकिलाची काळजी करू नका, माझा वकील आहे, फीसुद्धा मीच देतो.” मला बरंच वाटलं, तेवढीच फी वाचली! सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती, दोघांनी सह्या केल्या, खरेदीखताची नोंदणी झाली. मी पेढे वाटले.

मग फेरफाराच्या नोंदीची नोटीस निघाली आणि त्यांच्या दोन बहिणींनी हरकत घेतली. वडील वारल्यावर वारसनोंद करताना भावांनी बहिणींची नावंच सांगितली नव्हती. नोंद तक्रारीत गेली. मंडळ अधिकाऱ्यांकडे तारखा, तालुक्याला हेलपाटे, मजुरी बुडाली ती वेगळीच. शेवटी त्या दोघींना पैसे देऊन त्यांच्या हिश्श्याचंही खरेदीखत करून घेतलं, तेव्हा सुटले. मला त्यांचा राग आला नाही बरं का. माझंही माहेर आहे, माझ्याही वडिलांच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. आपण तो मागतो, तर दुसऱ्या बाईचा हक्क आपण विकत घेत नाही ना, हेही बघायला नको का?

आता चूक कुठं झाली ते बघा. त्या वकिलानं मला काही खोटं सांगितलं नाही. पण तो माझा नव्हताच. त्याला फी देणारा दुसरा, तो त्याचंच काम करणार. माझ्या बाजूचा वकील असता तर त्यानं वारसाचा जुना फेरफार काढून पहिलं हेच विचारलं असतं, “बहिणी किती?” आणि पेपरात जाहीर नोटीस दिली असती, म्हणजे हरकत पैसे देण्याआधीच आली असती. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी पक्की, असं नसतं. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा तर घरपट्टीपुरता. आणि “बहिणींनी हक्क सोडलाय” असं कुणी म्हणालं तर हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं आहे का ते बघा. स्टँपवर नुसत्या सह्या केलेला कागद चालत नाही.

म्हणून वकील असा बघा, जो तालुक्याला जमिनीचीच कामं करतो. फौजदारीत नाव कमावलेला मोठा वकील इथं उपयोगाचा नाही. बाँड रायटर म्हणजेही वकील नव्हे, तो दस्त लिहून देईल, पण मागचं शोधणार नाही. गटातल्या ज्या बाईचं काम झालंय तिला विचारा. पहिल्या भेटीत फी किती, त्यात काय काय येतं, शोध किती वर्षांचा घेणार, हे विचारायला लाजू नका. सहसा ३० वर्षांचा घेतात. शोध अहवाल लेखी आणि सहीचा मागा. “मी बघितलंय, चांगलंय” एवढ्यावर उठू नका.

वकिलाकडे जायचं ते विसार देण्याआधी. एकदा विसार दिला की आपलाच हात दगडाखाली. मग वकिलानं नको म्हटलं तरी आपल्यालाच ते ऐकावंसं वाटत नाही, माणसाचं मन असंच असतं. जाताना सातबारा, आठ-अ, मिळतील तेवढे जुने फेरफार न्या. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, जमीन वर्ग दोनची आहे का, कुळाची किंवा आदिवासीची आहे का, तुकडेबंदीत अडकते का, हे त्याला नेमकं विचारा. यात परवानगीची भानगड असते. आणि त्याच्यापासून काही लपवू नका. पैसे कर्जाचे आहेत, दिराशी वाद आहे, जे असेल ते सांगा.

दस्ताचा मसुदा आधी घरी आणा, मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. चतुःसीमा मात्र स्वतः बांधावर उभं राहून तपासा, कारण वकील शेतात येत नाही. शंका आली तर भूमि अभिलेखकडून मोजणी करून घ्या. पैसे चेकनं द्या आणि चेकचे नंबर दस्तात लिहून घ्या. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तीही वकिलाला आठवण करून द्या. शेतजमिनीला ती नाही, आणि नवऱ्याचं नाव जोडलं की जाते.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००.

परवा धाकट्या जावेनं एक प्लॉट बघितला होता. वकिलानं कागद बघून नको म्हटलं. ती हळहळली, “फी फुकट गेली.” मी तिला माझ्या तारखांची पिशवी दाखवली, अजून फळीवर तशीच आहे.

कुणाला कागद दाखवायचे असतील तर जेवणानंतर मी त्या खांबापाशी बसते. मूळ कागद नका आणू, झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याच हाती सोडायचे नाहीत, माझ्याही नाही.