विजेच्या बिलात न दिसणारी राख

मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे आधी गणित करू. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३५ ते ४० टक्के राख असते. एका युनिट विजेला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरामागे ७० किलो कोळसा आणि जवळपास २५ किलो राख!

आता चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र घ्या. क्षमता २,९२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला ७ कोटी युनिट, आणि याच हिशोबाने १७ हजार टन राख. रोज.

धुरातली बहुतेक राख ईएसपी नावाची यंत्रणा पकडते. पण पकडलेली राख जाते कुठे? बरीच सिमेंटला, विटांना. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तलावात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि ती राख शेतांत, पाण्यात शिरली.

एसी पुण्यात चालतो, राख विदर्भात पडते. तेव्हा कुणी ‘कोळशाची वीज स्वस्त’ म्हटलं, की एवढंच विचारा: राखेचा खर्च कुणाच्या खात्यात धरलाय?

भेटू पुढच्या भागात.