आजार आणला कोणी, दोष कोणाच्या माथी?
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्हाला विषय दिला 'महिला आणि आरोग्य'. आम्ही पडलो मिलमधले कामगार, डॉक्टर नाही की प्राध्यापक नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं, आरोग्य शिबिरांत जे ऐकलं आणि वस्तीत जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच आमच्यापाशी आहे. त्यातून आज एकच आजार आम्ही घेतला आहे. त्याचं नाव काढलं की बाया तोंडाला पदर लावतात आणि पुरुष चहाला उठतात. एच.आय.व्ही. कोणी उठू नये, चहा मागाहून आहे.

आपल्या देशात ही लागण पहिल्यांदा १९८६ साली मद्रासेत सापडली. पुढे सहाच वर्षांत, १९९२ साली, आपल्या भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. इंग्रजी नावाच्या अद्याक्षरांवरून सगळे तिला 'नारी' म्हणू लागले. एवढी मोठी संस्था आपल्या दारात, पण आत काय शोध लागला हे आपल्या आयाबहिणींना कोणी सांगितलं नाही. ते सांगतो.

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची तपासणी झाली. त्यातल्या ३९१ जणी धंदा करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यातही शंभरात १३ ते १४ जणींना लागण निघाली. हा आकडा आजारपणामुळे दवाखान्यात आलेल्या बायकांचा आहे, सगळ्या शहराचा नाही, हे ध्यानात ठेवा. पण १९९७ साली हा अभ्यास छापून आला तेव्हा जगाला कळलं की एका नवऱ्याशी प्रामाणिक राहणाऱ्या, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या बाईच्याही अंगात हा विषाणू येतो. तो तिच्या नवऱ्याकडूनच येतो.

आपला पट्टा बघा. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, आता चाकण. मराठवाड्यातून, विदर्भातून, पार बिहारपासून पोरं येतात. एका खोलीत आठ-आठ जण, बायको गावाकडे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात गाड्या उभ्या, ड्रायव्हर महिना महिना घराबाहेर. ड्रायव्हर म्हणजे वाईट, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. ऑफिसात बसणारा साहेबही यातून सुटलेला नाही. पण आजार बाहेरून घरात येतो तो कोणत्या पायांनी, हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

आणि दोष? आमच्या पाहण्यातली एक ताई आहे. नाव, गल्ली सांगणार नाही, कोणी विचारूही नये. नवरा आजारी पडला, दवाखान्यात दोघांचंही रक्त तपासलं, दोघांनाही लागण. वर्षाच्या आत नवरा गेला. जलदानविधी होतो न होतो तोच सासरचे म्हणाले, "तूच खाल्लंस आमच्या पोराला." तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, पोराला तिच्याजवळ झोपू देईनात. बुद्धपौर्णिमेला खीर वाढायला ती पंगतीत उभी राहिली, तर दोघी-तिघींनी द्रोण मागे घेतला. ती काही बोलली नाही. पळी पातेल्यात ठेवली आणि चप्पल घालून निघून गेली. त्यानंतर ती विहारात दिसली नाही.

आता विचार करा, द्रोण मागे घेणाऱ्या आपण कोण? १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तो कोणासाठी? ज्यांच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं त्यांची आपण नातवंडं-पतवंडं. आणि आपल्याच पंगतीत विटाळ? भगवंतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतलं. त्या भिक्खूला बाकीचे विचारत नव्हते, का तर तो त्यांच्या काही कामाचा उरला नव्हता. १८९७ सालच्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. प्लेग खरोखर संसर्गाने लागणारा होता. हा आजार तर पंगतीत बसून लागतच नाही!

मग लागतो कसा? लागण असलेल्याशी निरोध न वापरता शरीरसंबंध आल्याने, दूषित रक्त चढवल्याने, दूषित सुईने, आणि आईकडून बाळाला: पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून. बस. खिरीने नाही, हात लावल्याने नाही, एका संडासाने नाही, डास चावल्याने नाही. एवढी साधी गोष्ट, पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम २२ जणींना याची पुरती आणि खरी माहिती होती. पुरुषांत ३१. त्यांनीही फुशारकी मारायचं कारण नाही.

आणखी एक. हा आजार म्हणजे मरण, ही समजूत जुनी झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळू लागली. २०१७ पासून लागण कळली की लगेच गोळ्या सुरू करतात. रोजची गोळी न चुकवता घेतली तर माणूस कामधंदा करतो, पोरंबाळं वाढवतो. तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत तपासणी करून गोळ्या घेतल्या तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचाच्याही खाली येतो. उपचार नसतील तर तोच १५ ते ४५ असतो. म्हणून पहिल्या तपासणीलाच रक्त द्या. सुनेला घेऊन जाताना मुलालाही सोबत न्या, त्याचंही रक्त तपासू द्या. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात सोय आहे. फोनवर विचारायचं तर १०९७, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

कायदाही झाला आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. लागण आहे म्हणून कोणाला राहत्या घरातून काढता येत नाही, कामावरून काढता येत नाही, आणि त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याची गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही. सासरच्यांनी हे ऐकावं. नळावर गप्पा मारणाऱ्यांनीही ऐकावं.

कोणी म्हणेल, विहारात निरोधाची भाषा कशाला? र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात असल्याच गोष्टी उघड लिहिल्या, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला, पण बाबासाहेब लाजले नाहीत. तेव्हा आपणही लाजू नये. पंचशीलातलं तिसरं शील आपण रोज म्हणतो, ते पुरुषांनीही म्हणायचं असतं, एवढंच सांगतो.

पुढच्या रविवारी दुपारी इथेच महिलांची वेगळी बैठक आहे. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई येणार आहेत, पुरुष कोणी थांबणार नाही, आम्हीसुद्धा नाही. दाराशी एक पेटी ठेवली आहे. विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव घालू नका. लिहिता येत नसेल तिने शाळेतल्या नातीकडून लिहून घ्यावं, नातीच्याही कानावर पडेल. त्या ताईकडे मंडळाच्या दोघीजणी उद्या जाणार आहेत. यंदाच्या खिरीचा मसाला तिनेच करावा, असं विचारायला.

जयभीम.